विश्लेषण : मोबाइलमधील जुन्या मराठी गाण्यांना कव्हर का सापडत नाही?

मोबाइलमध्ये साठवलेल्या गाण्यांची यादी उघडली की हिंदी चित्रपटांच्या गाण्यांपुढे पोस्टर दिसते, ‘सैराट’पुढे ‘सैराट’चे दिसते; पण भीमसेन जोशींचे अभंग, शाहीर विठ्ठल उमपांची कोळीगीते किंवा घरच्या कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीते आली की करड्या चौकोनात नुसते स्वरचिन्ह उरते. हे रिकामे चौकोन आपोआप भरून देणारी ॲप भरपूर आहेत. ती इंग्रजी गाण्यांवर चोख चालतात, हिंदीवर बरी चालतात आणि मराठीवर आली की एक तर हात टेकतात, नाही तर भलतेच चित्र चिकटवून मोकळी होतात. असे का होते, ते हाताने कसे दुरुस्त करायचे आणि त्यासाठी पनवेलसारख्या शहरातील कपाटांत, माळ्यांवर पडलेल्या कॅसेट इतक्या मोलाच्या का आहेत?

ऑनलाइन गाणी असताना फाइल कशाला जपायच्या?

प्रश्न रास्त आहे. मात्र गुगल प्ले म्युझिक २०२०मध्ये बंद झाले आणि एअरटेलचे विंक म्युझिक २०२४मध्ये. अशा ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी ॲपच्याच ताब्यात असतात. ॲप गेले की तीही जातात. आपल्या मेमरी कार्डातील किंवा पेनड्राइव्हमधील फाइल मात्र कुणी बंद करू शकत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. मराठी ध्वनिमुद्रणांचा मोठा ऐवज या सेवांवर आलेलाच नाही. पनवेल परिसरात हे विशेष जाणवते. आगरी-कोळी लग्नातील हळदीची गाणी, धवलारणींचे धवले, गावोगावच्या भजनी मंडळांची भजने यांच्या कॅसेट एके काळी लग्नसराईत आणि जत्रेत हातोहात जात. ‘वेसावकर आणि मंडळी’सारखी नावे राज्यभर पोहोचली, म्हणून ती आज ऑनलाइनही सापडतात. पण छोट्या कंपन्यांनी आसपासच्या गावांपुरत्या काढलेल्या कॅसेटचे तसे नाही. ज्या कंपन्या उरल्याच नाहीत, त्यांची गाणी ऑनलाइन चढवणार कोण?

त्यातच इथली घरे हलत आहेत. नवी मुंबई विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर यांसह दहा गावांचे पुनर्वसन झाले. जुन्या पनवेलमध्येही वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. घर हलवताना देव्हारा, भांडी, फोटो जपून नेले जातात. कॅसेटचा खोका भंगारवाल्याकडे जातो. वाजवायला टेपच नाही तर ठेवून काय करायचे, असा हिशेब असतो. गाणी कुणी तरी आधीच मोबाइलमध्ये उतरवून घेतलेली असतील तर तो बिनचूकही वाटतो. पण खोक्याबरोबर गाण्यांची माहितीही जाते, हे तेव्हा ध्यानात येत नाही.

गाण्याचे चित्र असते तरी कुठे?

एमपी३ फाइलचे दोन भाग समजावेत. एक आवाजाचा आणि दुसरा त्याला जोडलेल्या चिठ्ठीचा. या चिठ्ठीला ‘टॅग’ म्हणतात. १९९६मध्ये ही सोय पहिल्यांदा आली तेव्हा चिठ्ठी अवघ्या १२८ बाइटची होती आणि ती फाइलच्या शेपटीला लावलेली असे. गाण्याचे नाव, गायक, अल्बम यांना प्रत्येकी ३० अक्षरांची जागा. तीही इंग्रजी अक्षरांची. चित्राला जागाच नव्हती. जुन्या फाइलमध्ये लांब मराठी नावे मध्येच तुटलेली दिसतात, ती या ३० अक्षरांमुळे.

१९९८मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत चिठ्ठी फाइलच्या सुरुवातीला आली, हवी तेवढी मोठी झाली आणि तिच्यात चित्र ठेवता येऊ लागले. कोणते चित्र आहे हे सांगण्यासाठी २१ प्रकार ठरवले गेले : पुढचे कव्हर, मागचे कव्हर, आतील पुस्तिकेचे पान, तबकडीवरील लेबल, गायकाचे छायाचित्र इत्यादी. त्यात एक प्रकार ‘भडक रंगाचा मासा’ असाही आहे. तो कुणी आणि कशासाठी घातला असेल ते असो, पण अधिकृत यादीत तो आजही आहे.

मासा सोडला तरी ही यादी उपयोगाची आहे. एकाच गाण्यात पुढचे आणि मागचे अशी दोन्ही कव्हर ठेवता येतात, हे बहुतेकांना माहीत नसते. मोबाइलचे प्लेअर साधारणपणे पुढचे तेवढेच दाखवतात, पण मागचे फाइलमध्ये सुखरूप राहते. आयफोनवर चालणाऱ्या एम४ए आणि उच्च दर्जाच्या फ्लॅक फाइलमध्येही चित्राची वेगळी जागा असते. कॅसेटवरून उतरवताना अनेक जण डब्ल्यूएव्ही प्रकार निवडतात. त्यात टॅगची सोय बेभरवशाची आहे. मूळ प्रत तशी ठेवून ऐकण्यासाठी दुसरी प्रत एमपी३ किंवा फ्लॅकमध्ये करावी.

चित्र ठेवण्याची दुसरी पद्धत म्हणजे गाण्यांच्या फोल्डरमध्ये ‘कव्हर’ किंवा ‘फोल्डर’ अशा इंग्रजी नावाची एक फोटोफाइल टाकणे. काही प्लेअर ती ओळखतात, काही नाहीत. शिवाय गाणे दुसरीकडे पाठवले की चित्र मागेच राहते. फोनच्या गॅलरीतही हे फोटो दिसू लागतात. ते लपवण्यासाठी फोल्डरमध्ये ‘नोमीडिया’ नावाची फाइल टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो घेऊ नये, कारण तिच्यामुळे फोटोंबरोबर त्या फोल्डरमधील गाणीही प्लेअरमधून गायब होतात. चित्र गाण्याच्या आतच चिकटवलेले बरे.

मेमरी कार्डातील गाण्यांवर संकेतस्थळांचे शिक्के का?

पनवेल असो वा परभणी, स्मार्टफोन नवे असताना मोबाइलच्या दुकानात कार्ड देऊन ते ‘फुल भरून’ घेण्याची पद्धत होती. फुकट डाउनलोडच्या संकेतस्थळांवरून उतरवलेली ती गाणी. या संकेतस्थळांनी टॅगचा फलकासारखा वापर केला. गायकाच्या जागी स्वतःचे नाव, अल्बमच्या जागी स्वतःचे नाव आणि कव्हरच्या जागी स्वतःचे बोधचिन्ह. त्यामुळे अनेकांच्या फोनमध्ये लता मंगेशकर आणि प्रल्हाद शिंदे एकाच ‘अल्बम’मध्ये एकाच शिक्क्याखाली नांदत असतात.

अशा गाण्याला कव्हर ‘नाही’ असे ॲपला वाटतच नाही. चौकोन भरलेला आहे, मग शोधायचे कशाला? म्हणून आधी हा शिक्का पुसावा लागतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या ऑडिओची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे फाइलचे नावच बदलून तारीख आणि क्रमांक येतो. गाणी कुणाला पाठवायची असतील तर ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत. मूळ नाव टिकते.

आपोआप शोध मराठीत का फसतो?

शोध दोन प्रकारे चालतो. पहिला नावावरून. ॲप टॅगमधील अल्बम आणि गायक वाचते आणि एखाद्या मोठ्या ऑनलाइन नोंदवहीत जुळणारी नोंद शोधते. अशा नोंदवह्या उभ्या राहण्यामागे एक गंमत आहे : संगीताच्या बहुतेक सीडींवर गाण्यांची नावेच साठवलेली नसतात. ती कागदावर छापलेली असतात. संगणकात सीडी घातली की ‘ट्रॅक ०१, ट्रॅक ०२’ एवढेच दिसे. मग लोकांनी गाण्यांच्या लांबीवरून सीडी ओळखणाऱ्या सामायिक याद्या तयार केल्या. २०००च्या सुमारास ‘म्युझिकब्रेन्झ’ आणि ‘डिस्कॉग्ज’ या दोन मोठ्या नोंदवह्या सुरू झाल्या. २०१२मध्ये म्युझिकब्रेन्झने ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या मदतीने केवळ कव्हरसाठी ‘कव्हर आर्ट आर्काइव्ह’ सुरू केले. या नोंदी सामान्य रसिकच भरतात. ज्या भाषेचे रसिक बसून भरतात, त्या भाषेची गाणी सापडतात. मराठीत हे काम फारसे झालेले नाही, हे साधे आणि थोडे नामुष्कीचे कारण आहे.

त्यात नावांच्या स्पेलिंगचा घोळ. ‘पंडित’ पूर्ण लिहायचे की ‘पं.’? इंग्रजीत ‘अभंगवाणी’ ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने? एकाच फोनमध्ये भीमसेन जोशी चार वेगवेगळे गायक म्हणून नोंदलेले आढळतात. ॲपला ते चौघे एकच आहेत हे कळायला मार्ग नाही.

जुळले तरी ते योग्य असेल असे नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७मध्ये रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्याच नावाचा चित्रपट २०१५मध्ये आला. ऑनलाइन नोंदी, पोस्टर, चर्चा सगळे चित्रपटाचे. परिणाम असा की वसंतरावांच्या नाटकातील ध्वनिमुद्रणावर ॲप खुशाल चित्रपटाचे पोस्टर लावते. बालगंधर्वांचेही तेच. नारायणराव राजहंसांच्या जुन्या तबकड्यांवरील पदे, आणि कव्हर २०११च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटाचे! पन्नास वर्षांनी एखाद्या मुलाने ही फाइल उघडली तर त्याला हा आवाज कुणाचा वाटेल? रिकामा चौकोन निदान खोटे बोलत नाही. त्यामुळे ‘सर्व गाण्यांना आपोआप कव्हर लावा’ हे बटण मराठी संग्रहावर कधीही दाबू नये. ॲपने सुचवावे, निवड आपण करावी.

शोधाचा दुसरा प्रकार आवाजाच्या ठशावरून. फाइलमधील ध्वनीचा अंगठ्याच्या ठशासारखा एक नमुना काढून तो साठ्याशी ताडला जातो. म्युझिकब्रेन्झचे ‘पिकार्ड’ हे संगणकावरील मोफत सॉफ्टवेअर ‘ॲकॉस्टआयडी’च्या साठ्यावर हेच करते. नाव चुकलेले असले तरी गाणे ओळखले जाते, ही त्याची ताकद. मर्यादा दोन : तो ठसा आधी कुणी तरी जमा केलेला हवा आणि आवाजाचा वेग मूळ गाण्याएवढा हवा. जुना टेपरेकॉर्डर किंचित जलद किंवा संथ चालत असेल, तर स्वर सरकतो आणि ठसा जुळत नाही. आपल्या कानाला तो फरक जाणवतही नाही. यंत्राला मात्र ते वेगळेच गाणे वाटते.

‘गीतरामायणा’चे तुकडे का होतात?

पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’त ५६ गीते. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. मूळ प्रसारणात गायक मात्र अनेक होते : स्वतः फडके, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके इत्यादी. पुढे फडक्यांनी एकट्याच्या आवाजात ही गीते ध्वनिमुद्रित केली आणि घराघरांत तीच पोहोचली. म्हणजे तीच ५६ गीते दोन संचांत.

फोनमध्ये दोन्ही संच असतील तर गोंधळ ठरलेला. अनेक गायकांच्या संचाचे प्लेअर प्रत्येक गायकागणिक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यापुढे रिकामा चौकोन ठेवतो. तर एकट्या फडक्यांची गाणी दोन्ही संचांतून उचलून एकत्र करतो. यावर टॅगमध्ये ‘अल्बम आर्टिस्ट’ असा वेगळा रकाना असतो, तो वापरावा. ‘आर्टिस्ट’मध्ये त्या गाण्याचा गायक आणि ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये संपूर्ण संचासाठी एकच नाव. अल्बमच्या नावातही फरक करावा : ‘गीतरामायण – आकाशवाणी’ आणि ‘गीतरामायण – सुधीर फडके’. एवढे केले की विखुरलेली गाणी एका चौकोनाखाली येतात. चित्र लावण्याचे निम्मे काम खरे तर हे नावांचेच आहे.

दुरुस्ती मोबाइलवरच करता येते का?

अँड्रॉइडवर येते. ‘म्युझिकोलेट’सारख्या प्लेअरमध्ये टॅग बदलण्याची आणि फोनमधील फोटो कव्हर म्हणून लावण्याची सोय आहे, एका अल्बमची सगळी गाणी निवडून एकदमही बदलता येतात. नव्या अँड्रॉइडमध्ये कुठलेही ॲप फाइलला हात लावण्याआधी परवानगी मागते, ती द्यावी लागते. मेमरी कार्डावरील फाइल असल्यास कार्डाचे मूळ फोल्डर दाखवावे लागते. आयफोनवर थेट फोनमध्ये हे करणे जिकिरीचे. संगणकावरील ॲपलच्या म्युझिक ॲपमध्ये किंवा विंडोजवरील आयट्यून्समध्ये अल्बम निवडून ‘गेट इन्फो’मधील ‘आर्टवर्क’ या भागात चित्र टाकावे आणि मग फोनशी सिंक करावे. याच ॲपमध्ये ‘गेट अल्बम आर्टवर्क’ असाही पर्याय असतो. तो ॲपलच्या दुकानातून चित्र आणतो, पण ते फाइलच्या आत चिकटत नाही. गाणे पेनड्राइव्हवर घेऊन गाडीत लावले की पुन्हा रिकामा चौकोन.

गाणी हजारांच्या घरात असतील तर संगणकच बरा. विंडोजवर ‘एमपी३टॅग’ हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी सर्वांत सोयीचे. पूर्ण संग्रहाची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवल्याशिवाय सुरुवात करू नये आणि आधी पाच-सहा गाण्यांवर करून पाहावे. टॅगची आवृत्ती निवडायला सांगितली तर २.३ निवडावी, गाडीतील जुने स्टिरिओ तीच वाचतात. नावे देवनागरीत लिहायलाही हरकत नाही. जिथे देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हे किंवा विचित्र अक्षरे दिसतात, तिथे टॅग जुन्या लिपीपद्धतीत साठवलेला असतो. नाव पुन्हा टाइप केले की काम होते.

चित्राचा आकार हा दुर्लक्षित मुद्दा. पाच मिनिटांचे साधे एमपी३ गाणे सुमारे पाच एमबीचे असते. मोबाइलने काढलेला तीन एमबीचा फोटो तसाच चिकटवला तर गाणे दीडपट जड होते आणि दोन हजार गाण्यांमागे सहा जीबी जागा नुसत्या चित्रांत जाते. लांबी-रुंदी ६०० ते १००० पिक्सेल, प्रकार जेपीजी आणि वजन १५० केबीच्या आसपास ठेवले तर तीच दोन हजार चित्रे ३०० एमबीत बसतात. मोबाइलच्या पडद्यावर फरक दिसत नाही. चित्र बदलूनही प्लेअर जुनेच दाखवत असेल तर घाबरू नये. त्याने लहान प्रती साठवून ठेवलेल्या असतात. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या प्लेअरची कॅशे पुसावी.

मूळ चित्र आणायचे कुठून?

घरातून. मराठी संग्रहाबाबत हेच खरे उत्तर आहे. कॅसेटच्या डबीतील घडीच्या कागदाला इनले म्हणतात. पुढच्या बाजूला चित्र, कण्यावर नाव आणि आतल्या घडीत गाण्यांची यादी. ही आतली घडी म्हणजे खरा ऐवज. गीतकार कोण, संगीत कुणाचे, काही वेळा संवादिनी, तबला, बासरीवर कोण, निवेदन कुणाचे, ध्वनिमुद्रण कुठे झाले, हे तिथे छापलेले असते आणि छोट्या कंपन्यांच्या बाबतीत दुसरीकडे कुठेही नसते. आकाशवाणीची निवेदिका गाण्याआधी कवी, संगीतकार आणि गायक ही तिन्ही नावे सांगत असे. मोबाइलचे प्लेअर एकच नाव दाखवतात, गायकाचे. भावगीताच्या भाषेत हा कवीवरील अन्यायच आहे. टॅगमध्ये ‘कम्पोझर’ आणि ‘लिरिसिस्ट’ असे रकाने असतात. इनले हातात असतानाच ते भरून टाकावेत. नंतर बसून भरू म्हटले की राहून जाते.

फोटो काढताना कागद डबीतून बाहेर घ्यावा. प्लास्टिकवरून काढलेल्या फोटोत खिडकी आणि आपला हात दिसतो. फ्लॅश बंद ठेवावा आणि खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, असा कागद सपाट ठेवावा. फोन बरोबर वरून धरावा किंवा कागदपत्रे स्कॅन करणारे ॲप वापरावे. कडा आपोआप सरळ होतात. कॅसेटचे चित्र उभे असते आणि प्लेअरचा चौकोन समभुज. चित्र कापून चौरस केले तर वरचे नाव किंवा खालची कंपनीची खूण हमखास जाते. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना साध्या रंगाच्या पट्ट्या ठेवून पूर्ण चित्र चौरसात बसवावे. दिसायला जरा कमी देखणे, पण कॅसेट होती तशी दिसते. एलपीचे कव्हर ३० सेंटिमीटरचे आणि चौरसच असते. तिथे हा प्रश्न येत नाही. इनलेवरील कंपनीचे नाव आणि कॅटलॉग क्रमांकही टिपून घ्यावा. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊस किंवा फाउंटनसारख्या कंपन्यांच्या कॅसेट ओळखायला अल्बमच्या नावापेक्षा हा क्रमांक अधिक खात्रीचा, कारण एकच मजकूर पुढे वेगळ्या कव्हरखाली पुन्हा निघालेला असू शकतो.

ज्यांना कव्हर कधी नव्हतेच, त्यांचे काय?

आपल्याकडे ध्वनिमुद्रण १९०२मध्ये कोलकात्यात सुरू झाले. तबकड्यांवरील सचित्र कव्हर ही कल्पना मात्र १९४०ची. कोलंबिया कंपनीसाठी ॲलेक्स स्टाइनवाइस या अमेरिकी चित्रकाराने ती रुजवली. ७८ गतीच्या आपल्या बहुतेक तबकड्या मध्ये गोल भोक असलेल्या साध्या कागदी पाकिटात मिळत आणि त्या भोकातून लेबल दिसे. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. अशा तबकड्या वेगवेगळ्या लावून ठेवायला जाड पुठ्ठ्याच्या वह्या असत, त्यांनाच अल्बम म्हणत. शब्द तिथून आला.

म्हणजे बालगंधर्व किंवा हिराबाई बडोदेकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणाचे कव्हर ‘हरवलेले’ नाही, ते नव्हतेच. तिथे तबकडीच्या लेबलचा फोटो हेच योग्य चित्र. लेबलवर गायक, नाटकाचे नाव, राग आणि क्रमांक असतो. तबकडी घरी नसेल तर संग्राहकांकडे विचारावे. मुंबईत १९९०पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था आहे. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून जुन्या तबकड्यांच्या नोंदी केल्या आहेत. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत गाण्यांच्या पुस्तिका कामी येतात. चित्रपटगृहाबाहेर त्या विकल्या जात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा पुस्तिका आणि पोस्टर जपलेली आहेत.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कव्हर बनवून घेण्याची हौस वाढते आहे. घरच्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला, आजीच्या ओव्यांना असे चित्र लावायला काहीच हरकत नाही. मात्र प्रकाशित ध्वनिमुद्रणावर कल्पित कव्हर लावले आणि फाइल पुढे फिरू लागली, तर काही वर्षांत तेच खरे समजले जाईल.

कायदा काय म्हणतो?

कव्हर ही कलाकृती आहे आणि तिच्यावर कॉपीराइट असतो. चित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षे तो टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांचा. कॉपीराइट कायदा, १९५७चे कलम ५२ खासगी वापरासाठी वाजवी वापराची मुभा देते. आपल्या कॅसेटच्या इनलेचा फोटो आपल्याच फोनमधील गाण्याला लावणे ही बाब खासगी वापराची. गाणे आणि कव्हर मिळून यूट्यूबवर चढवणे किंवा पेनड्राइव्ह भरून विकणे हा वेगळा मामला आहे. जुने ध्वनिमुद्रण साठ वर्षे ओलांडून मुक्त झाले असले, तरी त्यातील कवी आणि संगीतकाराचे हक्क शिल्लक असू शकतात, हेही विसरू नये.

फोटो काढले, आता पुढे?

आपल्या फोनचे काम तिथे संपते, पण तोच फोटो इतरांच्याही उपयोगी पडू शकतो. म्युझिकब्रेन्झवर मोफत खाते उघडून अल्बमची नोंद नसेल तर ती करता येते. नाव कव्हरवर ज्या लिपीत छापले आहे त्या लिपीत, म्हणजे देवनागरीत, लिहिण्याचीच तिथे अपेक्षा असते. नोंद झाली की पुढचे, मागचे आणि आतले असे सगळे फोटो कव्हर आर्ट आर्काइव्हवर चढवता येतात. एका कॅसेटला साधारण अर्धा तास लागतो. गाणी जास्त असतील तर थोडा अधिक. एकदा नोंद झाली की बदलापूरपासून बॉस्टनपर्यंत ज्यांच्याकडे ती कॅसेट उतरवलेली आहे, त्यांच्या ॲपला कव्हर सापडू लागते.

सुरुवात भीमसेन जोशींपासून करायची गरज नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रणांकडे आज ना उद्या कुणाचे तरी लक्ष जाईलच. हळदीच्या गाण्यांची, गावच्या भजनी मंडळाची, धवल्यांची कॅसेट घरात असेल तर ती आधी घ्यावी. अशा कॅसेटवर पुष्कळदा साल नसते. गावातील जाणत्या माणसाला, जमल्यास गाणाऱ्या धवलारणीला किंवा वाजवणाऱ्याला विचारून ते ‘कमेंट’च्या रकान्यात लिहावे. आणि इनलेवर फक्त ‘व कोरस’ एवढेच छापले असेल तर त्या कोरसमध्ये कोण कोण होते, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.